उद्यात राहणारी विहीण

माझ्या विहिणीचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं, हे मी आधीच सांगून टाकते. भर समुद्रातल्या आमच्या अतिऊ बेटावर चारशे माणसं आहेत. त्यातली तीनशे नव्वद तुम्हाला हे सांगतीलच, त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐकलेलं बरं.

तिचं नाव तुंगाने, 'ने'सकट. माझ्या सुनेची आई. तीस वर्षं झाली, ऑकलंडमध्ये राहते आणि लाल काड्यांचा चष्मा लावते. माझा मुलगा आणि सून ब्रिस्बेनला कामाला असतात, आणि नातू रांगी दहा महिन्यांचा असल्यापासून माझ्याकडे आहे. थोरला मुलगा, म्हणून आमच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या केसांना कात्री लागलेली नव्हती. आठ वर्षं रोज सकाळी सात वाजता व्हरांड्यात बसून मी त्या केसांना खोबरेल लावलं, गुंता सोडवला, उवा काढल्या आणि वेणी घातली. वेणी कमरेच्या खाली गेली होती. बाहेरून आलेल्या मास्तरच्या पोराने त्याला 'मुलगी' म्हटलं तेव्हा मास्तरच्या दारात जाऊन भांडलेली बाई मीच.

यंदा नाताळच्या आधी केस कापायचे ठरले. खुर्चीवर गोधड्या अंथरून पोराला बसवायचं, एकेकाचं नाव पुकारायचं, पुकारलेल्याने एक बट कापायची आणि ती घरी न्यायची. बटा पन्नास निघोत की साठ, लोकांच्या लक्षात राहते ती पहिली. ऑगस्टमध्ये मुलाचा फोन आला.

"आई, पहिली बट तुंगाने आईंना कापू दे. त्या लांबून येणार."

"आणि मी जवळ राहते हा माझा गुन्हा?"

"तुला दुसरी."

"दुसरी कुत्र्याला घाल," म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून मी तुंगानेशी बोलणं टाकलं. फोन मात्र रोज यायचा. रांगी एक मिनिट स्थिर बसणारं पोर नाही, आणि वेणीला अर्धा तास लागतो. तो तीन वर्षांचा असताना एकदा तुंगानेने फोनवर त्याला एका वामची गोष्ट सांगायला घेतली. वाम म्हणजे सापासारखा लांब मासा. हा वाम दर वेळी चुकीच्या ओढ्यात शिरायचा. पोर तोंड उघडं टाकून ऐकत बसलं. तेव्हापासून रोज सातला फोन, मांडीवर तुंगाने, मागे माझा कंगवा. पाच वर्षं तो वाम काही घरी पोचला नाही.

आमच्या सातला तिच्याकडे सहा वाजलेले असतात, आणि तेही उद्याचे. दोन्ही गावांत एका दिवसाचं अंतर. आमचा शुक्रवार तो त्यांचा शनिवार. रांगी लहानपणी सगळ्यांना सांगायचा, "माझी एक आजी उद्यात राहते. तिला आधीच माहीत असतं." लोक हसायचे. मला हसू यायचं नाही. घरात राबणारी आजची आजी आणि कौतुकाची ती उद्याची.

तयारीचे सगळे मान तुंगानेने एकेक करून पळवले. सदरा ती आणणार, केक ती आणणार, रिबिनी ती आणणार. घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज तिची एक नवीन रिबीन यायची. शेवटी एका दुपारी मी तिथे लिहिलं, 'आमंत्रणाची फोटोकार्डं मी करणार.' तिने खाली नुसता अंगठा लावला. तो अंगठासुद्धा मला उपकार केल्यासारखा वाटला.

माझा नवरा नूरोआ म्हणाला, "अगं, आपल्याकडे कार्ड कशाला? रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबा सांगतात आणि जेवणवेळेपर्यंत डुकरांनासुद्धा कळतं."

"ऑकलंडच्यांना कोण सांगणार? तुझी डुकरं?"

"तुंगाने सांगेल की."

हे बोलायला नको होतं, हे त्याला माझ्या तोंडाकडे बघून कळलं, आणि तो अळूसारख्या तारोच्या वाफ्याकडे निघून गेला.

सिग्नल चांगला मिळतो पाण्याच्या टाकीजवळ. तिथे कठड्यावर बसून मी ऑकलंडच्या एका छपाईवाल्यांची साइट उघडली. आपला फोटो चढवायचा, चौकट निवडायची, मजकूर लिहायचा, पत्ते भरायचे, मग ते छापून सरळ ज्याच्या त्याच्या घरी पाठवतात. फोटो मी आधीच ठरवला होता. ईस्टरच्या सुमाराला नूरोआने त्याच्या फोनवर काढलेला. व्हरांडा, पायरीवर रांगी, त्याच्या मागे मी, माझ्या हातात अर्धी वेणी. दोघंच. आणखी कोणी नाही. मुद्दाम तोच घेतला.

माझं नाव मोठ्या अक्षरात टाकलं: 'आजी अकाईती आपणांस बोलावते.' तुंगानेचं नाव खाली, बारीक. त्याहून बारीक अक्षर त्या साइटवर नव्हतं, नाहीतर तेच घेतलं असतं.

मग तारखेचा रकाना आला. समारंभ शुक्रवारी, वीस डिसेंबरला, सकाळी अकराला; दिवस मीच ठरवला होता, मुलाला-सुनेला सुट्टी नव्हती, ते फोनवरच बघणार होते. आणि इथे मी डोकं चालवलं. ऑकलंडची माणसं हे कार्ड ऑकलंडमध्ये वाचणार. त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर एक दिवस पुढे. आपला शुक्रवार त्यांचा शनिवार, हे तर मी तीस वर्षं फोन करताना बोटांवर मोजत आले. म्हणून मी दोन गठ्ठे मागवले. बेटावरच्यांसाठी चाळीस कार्डं, शुक्रवार वीस तारखेची, माझ्या पत्त्यावर. ऑकलंडच्यांसाठी तीस, शनिवार एकवीस तारखेची, थेट त्यांच्या पत्त्यांवर. पहिला पत्ता तुंगानेचा टाकला. माझ्या मांडीवरचं पोर तिने सगळ्यांत आधी बघावं म्हणून. तुंगानेला हा तारखेचा बारकावा सुचला नसता, असंही वाटून गेलं. त्या दिवशी मी घरी गाणं म्हणत आले.

मग वाट बघणं. पार्सल कुठे आहे ते सांगणारं एक पान असतं. मी दिवसातून चार वेळा टाकीजवळ जायची. 'छपाई सुरू.' दोन दिवसांनी, 'बांधणी झाली.' मग, 'मार्गावर आहे.' पुढे आठवडाभर मार्गावरच. आठवड्यातून तीनदा मोठ्या बेटावरून, म्हणजे रारोटोंगाहून, लहान विमान यायचं आणि तिन्हीदा मी धावपट्टीवर हजर. त्यातून टायर उतरले, लंगोटांचे खोके उतरले, कोणाच्या तरी धुलाईयंत्राचा दरवाजा उतरला. पोस्टातली बाई लांबूनच मान हलवायची.

तिकडे ऑकलंडमध्ये कार्डं तिसऱ्या दिवशी पोचली. ग्रुपवर फोटोंचा पाऊस. कार्ड आरशाला खोचलेलं, कार्ड बायबलमध्ये ठेवलेलं. तुंगानेने तर फ्रिजवर लावून त्याच्या शेजारी उभं राहून फोटो पाठवला. कार्ड माझं, पैसे माझे, पोर माझं, आणि मी अजून ते हातात धरलेलं नव्हतं. त्या फ्रिजचासुद्धा मला राग आला.

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी खोका आला. नूरोआने चाकूने चिकटपट्टी कापली. वर माझी चाळीस, खाली ऑकलंडच्या गठ्ठ्यातलं एक नमुन्याला. त्याने दोन्ही हातांत एकेक धरून बघितलं.

"यावर वीस आहे. यावर एकवीस."

"हो. ते ऑकलंडचं." मी त्याला नीट समजावून सांगितलं. अर्ध्यावरच तो पायरीवर बसला आणि हसायला लागला. डोळे पुसले, पुन्हा हसला.

"अगं बाई, कार्ड ते तिथे वाचतील. पण केस कापायला इथे येतील ना? विमानातून उतरलं की त्यांचा शनिवार राहतो कुठे? ते इथल्या शनिवारी येऊन उभे राहतील आणि तुझा कार्यक्रम आदल्या दिवशीच उरकलेला."

इतकं सरळ होतं ते.

"तुंगानेला फोन कर," तो म्हणाला. "आजच. ती सगळ्यांना सांगेल."

"करते."

खरंच करणार होते. टाकीपर्यंत गेलेही. तिथे पोस्टातली बाई भेटली आणि सहज म्हणाली, "तुमच्या ऑकलंडच्या पाहुण्यांनी वीस तारखेचं दुपारचं विमान पूर्ण धरलंय म्हणे. बावीस जणं. तुंगाने तर पहिल्या रांगेत."

वीस तारखेचं दुपारचं विमान तीनला उतरतं. कात्री अकराला. तीनला तुंगाने तिच्या रिबिनी घेऊन उतरेल तेव्हा पोराची मान मोकळी असेल. आणि पहिली बट कोणाकडे असेल? जी जवळ राहते तिच्याकडे.

मी फोन झग्याच्या खिशात कोंबला आणि घरी आले.

"केलास फोन?" नूरोआने विचारलं.

"केला."

तारीख लिहिताना झाली ती चूक. टाकीजवळून परत आले ती चूक नव्हती.

पुढचे अकरा दिवस मी चाळीस कार्डं पाचही वाड्यांत स्वतः वाटली. बायका म्हणायच्या, "फोटो काय सुरेख आलाय, अकाईती," आणि मी पुढच्या दाराकडे वळायची. रोज सातला फोन वाजला की वाटायचं, आज ती तारखेचं काही बोलेल, पोर काही बोलेल, आणि सगळं बाहेर येईल. मी मुकाट्याने फोन रांगीच्या हातात द्यायची आणि कान टवकारून केस विंचरायची. पण तिकडून नुसता वाम. पोराला वार-तारखांचं काही पडलेलं नव्हतं, आणि तुंगानेला ते कार्डावर छापून मिळाले होते. तिने कशाला विचारायचं?

एकदा मनाशी म्हटलं, गेली आठ वर्षं कंगवा कोणी धरला? पुन्हा म्हटलं, मग सांगायला लाज का वाटते? लाज वाटत होती. तरी सांगितलं नाही.

सतरा तारीख, मंगळवार. सकाळी रांगीने कॉफीच्या कपाला टेकवून कार्ड कठड्यावर उभं केलं होतं आणि मांडीवरच्या फोनला म्हणत होता, "तुंगाने आजी, तुला एक गंमत सांगू? कार्डावर तू पण आहेस."

माझा हात थांबला.

"माझ्या मांडीवर," तो म्हणाला. "फोनमध्ये. लाल चष्मा दिसतोय."

मी वाकून कार्ड उचललं आणि डोळ्यांजवळ धरलं. माझ्या फोनवर तो फोटो बोटभर होता. छापून तळहाताएवढा झाला होता. पोराच्या मांडीवर फोन, फोनमध्ये नखाएवढा चेहरा, आणि चष्म्याच्या दोन लाल रेघा. दोघंच नव्हतो. सकाळच्या सातचा फोटो होता तो, तिघं असणारच. चाळीस कार्डं माझ्या हातून वाटून झाली आणि मला ते दिसलं नव्हतं, कारण मी फक्त मला बघत होते.

फोनमधून तुंगाने म्हणाली, "पाहिलं रे, पहिल्याच दिवशी पाहिलं. भिंग लावून पाहिलं. इथे प्रत्येकाला दाखवलं मी. म्हटलं, ऑगस्टपासून बाई माझ्याशी बोलत नाही, पण फोटो निवडायची वेळ आली तेव्हा मला बाहेर नाही ठेवलं. मोठ्या मनाची आहे तुझी आजी."

रांगीने वळून माझ्याकडे बघितलं. त्याची वेणी माझ्या मुठीत होती, त्यामुळे पुरतं वळता आलं नाही.

तिने शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. अख्ख्या ऑकलंडला ती माझं मोठं मन दाखवत फिरत होती, आणि ते मन मी खिशात कोंबून घरी आणलं होतं.

"फोन दे," मी म्हटलं. "तुंगाने, ठेवू नकोस. मी बोलतेय."

"अगंबाई. आज सूर्य कुठून उगवला तुमच्याकडे?"

"कार्यक्रम शुक्रवारी आहे. इथल्या शुक्रवारी. वीस तारखेला अकरा वाजता. तुमच्या कार्डावर मी तुमच्या घड्याळाचा दिवस टाकला."

ती हळूच म्हणाली, "माझं विमान तीनला उतरतं."

"माहीत आहे."

"कधीपासून माहीत आहे?"

रांगी माझ्याकडे बघत होता. खोटं सुचलं होतं, सोपंही होतं.

"सहा तारखेपासून."

"म्हणजे अकरा दिवस."

"हो."

"रांगी बोलला नसता तर सांगितलं असतंस?"

तिकडे तिच्या किटलीची शिट्टी वाजत राहिली. तिने गॅस बंद केला तोही आवाज आला.

"मोठ्या मनाची म्हणे," ती म्हणाली. "मीच म्हणाले. तीस घरांत सांगून आले."

"तुंगाने..."

"बुधवारचं विमान भरलंय, मी आधीच विचारलं होतं. नाताळ आहे. आता बावीस माणसं पोहत येतील का?"

"नको येऊस पोहत. कार्यक्रम शनिवारी करते. एकवीसला. तुमच्या कार्डावर आहे त्या दिवशी."

"आणि तुझी चाळीस कार्डं?"

"दुरुस्त करते. घरोघर जाऊन."

"तू जाशील? अकाईती घरोघर जाऊन चुकले म्हणणार?" पहिल्यांदाच तिच्या आवाजात थोडं हसू आलं. "हे बघायला तरी मला आज यायला हवं होतं."

नूरोआला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, "मला 'केला' म्हणालीस."

"म्हणाले."

त्याने खिशातून बॉलपेन काढून माझ्या हातात दिलं आणि मेजवानीची डुकरं देणाऱ्यांना एक दिवस थांबा म्हणून सांगायला गेला.

मी पाच वाड्या पायी फिरले. ज्या दारात मान वर करून कार्ड दिलं होतं त्याच दारात मान खाली घालून 'शुक्रवार'वर काट मारायची, 'शनिवार' लिहायचं, वीसचे एकवीस करायचे. बेटावर बातमी माझ्या पुढे चालत होती. पोस्टातली बाई म्हणाली, "हा शनिवार नक्की आपलाच ना, की ऑकलंडचा?" पाद्रीबाबांच्या बायकोने विचारलं, "रविवारची प्रार्थना रविवारीच आहे ना गं?" वाटेत दारू पीत बसलेल्या म्हाताऱ्यांनी तर उभं राहून मला मेरी ख्रिसमस म्हटलं, आज पंचवीस तारीख असेल म्हणून. सगळं ऐकून घेतलं. तेवढं माझ्या वाट्याचं होतं.

शनिवारी खुर्चीवर सहा गोधड्या घातल्या, वरची माझी. रांगी मधोमध बसला, केसांच्या बटांना तुंगानेच्या पिवळ्या रिबिनी. त्या शोभत होत्या, हेही खोटं बोलत नाही. तुंगानेचं नाव पहिलं पुकारलं. कात्री मीच तिच्या हातात दिली. तिने कानामागची बट धरली, चष्मा काढून डोळे पुसले, आणि कापली. तो करकर आवाज मला दातांत जाणवला. सगळ्यांसमोर ती मला बट अर्धी देईल असं मला एक क्षण वाटलं. नाही दिली. रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली आणि पिशवीची चेन ओढली. मी असते तर मीही तेच केलं असतं.

दुसरी बट मी कापली. कुत्र्याला घातली नाही.

रविवारी सकाळी जाग आली ती नेहमीच्या वेळेला. हात आपोआप खोबरेलाच्या बाटलीकडे गेला. कंगवा घेऊन व्हरांड्यात येऊन बसले तेव्हा सात वाजले होते, आणि तुंगाने पायरीवर आधीच येऊन बसली होती, कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून. आमच्या घरातच उतरली होती ती. फोन कठड्यावर होता. वाजला नाही, कारण वाजवणारी इथेच बसलेली.

आवाराच्या टोकाला रांगी मामेभावंडांमागे धावत होता. मान उघडी, उन्हाने न रापलेली. त्याने एकदाही आमच्याकडे बघितलं नाही.

"वाम अजून घरी पोचला नव्हता," तुंगाने म्हणाली. "मी आज पोचवणार होते. रात्रभर शेवट जुळवला."

"हाक मारू त्याला?"

"नको. स्थिर कुठे बसतोय आता."

दोघी त्याच्याकडे बघत बसलो. माझ्या हातात कंगवा, तिच्या तोंडात गोष्ट, आणि दोन्हींना गिऱ्हाईक नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही दोघी सारख्याच रिकाम्या होतो.

"एक पायरी खाली सरक," मी म्हटलं.

"का?"

"सरक म्हटलं ना. आणि शेवट सांग तो."

ती सरकली. मी तिच्या अंबाड्यातला आकडा काढला, तळहातावर तेल घेतलं आणि तिचे केस सोडले. वाम पुन्हा चुकीच्या ओढ्याच्या तोंडाशी आला. मी मागून गुंता सोडवत होते. चौसष्ट वर्षांची बाई, आणि केस अजून माझ्या दुप्पट दाट. एक गाठ आली, ती मी जरा जोरातच ओढली.